एक दोरा भूगोल, दोन दोरे गणित

अक्का,

तुझी सुई अजून कौदीत आहे. त्या दुपारी तू जिथं थांबलीस तिथंच, कडेपासून चार बोटं आत. सुईत वीतभर दोरा शिल्लक आहे. घर आवरायला आलेल्या बायकांपैकी एकजण ती काढून डबीत ठेवायला निघाली, तर मी तिच्या अंगावर ओरडले. माणूस गेलेल्या घरात असं ओरडू नये. पण ओरडले.

बाराव्याला माणसं आली, जेवली, तुझ्याबद्दल चांगलं बोलली. "स्वतःला सही येत नव्हती, पण पोरीला बीएस्सी केलं बाईनं," असं अप्पांच्या दुकानातले जुने लोक म्हणत होते. मी मान हलवत होते. मी आजवर चारचौघांत याच्या बरोबर उलट सांगत आले, हे त्यांना आठवत नसावं. तू मात्र विसरली नव्हतीस. आज मला त्याबद्दलच बोलायचंय. तू समोर होतीस तेव्हा बोलायचं होतं, पण तेव्हा मला यातलं निम्मं माहीत नव्हतं, आणि जे माहीत होतं ते सांगायची हिंमत नव्हती.

मामा-मावश्या तुला अक्का म्हणायचे म्हणून मीही अक्काच म्हणायला लागले. तुझ्या माहेरी, मिरजेकडं, ज्या गोधडीला वाकळ म्हणतात तिला हुबळीत येऊन तू कौदी म्हणायला लागलीस, तसंच ते. अप्पा बाजारात कापडाच्या दुकानात कामाला. घरात घड्याळ एकच, अप्पांच्या मनगटावरचं, आणि ते सकाळी अप्पांबरोबर दुकानात जायचं. मग मी किती वेळ अभ्यास केला ते मोजायचं कशानं?

तू दोऱ्यानं मोजलंस.

शाळेतून आले की तू बाहेरच्या खोलीत कौदी पसरायचीस, चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवून. एका कडेला तू, समोरच्या कडेला मी. दोन्ही हात पसरून रिळाचा एक दोरा तोडायचीस, सुईत ओवायचीस आणि म्हणायचीस, "हा भूगोल." दोरा संपेपर्यंत उठायचं नाही. पाणी प्यायलासुद्धा नाही. भूगोलाला एक दोरा, इतिहासाला एक, इंग्रजीला दीड आणि गणिताला दोन. मी मोठ्यानं वाचायचं, तू धावदोरा घालत घालत माझ्याकडं सरकत यायचं.

"अक्का, हा दोरा लांब आहे! कालचा एवढा नव्हता."

"लांब नाही. तुझा धडा आखूड असंल बघ."

परीक्षेच्या महिन्यात तुझे हात जरा जास्तच पसरायचे, हे मला तेव्हाही कळायचं.

आठवीत असताना एकदा मी फार कंटाळले होते. इंग्रजीचा दोरा चालू होता. तुला इंग्रजी कळत नाही, मराठी अक्षरही लागत नाही, मग काय. मी पुस्तक समोर धरलं आणि इंग्रजीच्या सुरात वर्गातल्या मुलींची नावं म्हणायला लागले. मध्ये मध्ये इज, वॉज, द. सगळा हजेरीपट झाला. तू मान खाली घालून शिवत होतीस. मला आतून हसू फुटत होतं. दोरा संपला, तू गाठ मारलीस, दातानं तोडलास, आणि नवा दोरा घेत म्हणालीस, "आता धडा वाच."

"वाचला की!"

"नाही वाचलास. धडा वाचताना तू अडखळतीस. आत्ता एकदाही अडखळली नाहीस."

त्या दिवशी इंग्रजीला अडीच दोरे झाले. रागावली नाहीस, ओरडली नाहीस. नुसता नवा दोरा ओवलास. अडखळण्याचं ते वाक्य माझ्या लक्षात राहिलंय, कारण पुढं ते तू मला परत एकदा ऐकवलंस आणि मला ते समजलं नाही.

हायस्कूलमध्ये गेल्यावर मला तुझी लाज वाटायला लागली. सरळच लिहिते. तू लोकांच्या घरून जुनी लुगडी, धोतरं, फाटके फ्रॉक गोळा करून कौद्या शिवून द्यायचीस. त्यातली दोन घरं माझ्या वर्गातल्या मुलींची निघाली. शोभा नावाची मुलगी होती. एकदा मधल्या सुट्टीत माझ्या वेणीला चिकटलेला दोरा तिनं चिमटीत धरून सगळ्यांना दाखवला. "माझा तिसरीतला फ्रॉक हिच्या आईनं नेलाय. बघू गं, तूच घातला नाहीस ना आत?" त्या दिवसापासून मी 'कौदी' झाले. ए कौदी, वही दे. ए कौदी, सरक.

नववीत सहामाही झाल्यावर वर्गात सांगितलं, शुक्रवारी चार वाजता पालकसभा, घरातलं कुणीतरी मोठं यायलाच पाहिजे. अप्पांना दुकान सोडता यायचं नाही, म्हणजे तू येणार. मला सगळं आधीच दिसायला लागलं. तू शोभाच्या आईशेजारी जाऊन बसणार, आणि सगळ्यांच्या देखत विचारणार, "तुमची कौदी झालीय की हो, कधी नेता?" विचारलंच असतंस तू.

घरी येऊन मी सांगितलं, "सभा शनिवारी आहे. चार वाजता."

शनिवारी शाळा बाराला सुटायची. तू जाशील, कुलूप बघशील, परत येशील, असा माझा हिशेब. शुक्रवारी शाळेत सांगितलं, आई गावाला गेलीय. एका दगडात नाही, दोन दगडांत काम केलं.

शनिवारी तू हातातली कौदी अर्धी गुंडाळून ठेवलीस. ज्यांची होती ते दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होते, तरी ठेवलीस. अंजिरी इरकल नेसलीस, लग्नाकार्याला काढायचीस ती. केसांना तेल लावलंस. चपला पुसल्यास. आणि मला विचारलंस, "सभेत काय विचारायचं असतं गं?"

"काही नाही. गप बसायचं. ते बोलतात ते ऐकायचं."

"मग मला बोलावतात कशाला?"

मी दार उघडून धरलं. तू गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झालीस तेव्हा मागून पळत यावं, खरं सांगावं, असं मला वाटलं. तशी मी उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकलंही होतं. मग आत आले.

तू दिवे लागायच्या वेळेला परत आलीस. मी धीर करून विचारलं, "झाली सभा?"

"झाली."

"खूप लोक होते?"

"होते की. लागतात तेवढे होते."

"टीचर काय म्हणाल्या?"

"गणित कच्चं आहे म्हणाल्या. नुसतं पाठ करतीस म्हणाल्या." तू इरकल घडी घालत होतीस. "आजपासून प्रत्येक गणित मला समजावून सांगायचं. मला कळलं तरच पुढचं."

मला वाटलं, कुलूप बघून आली, अपमान झाला, म्हणून थाप मारतेय. आधी सुटल्यासारखं झालं. मग, अक्का, तुला सांगताना हात थांबतोय, मला तुझा तिटकारा आला. ही पण खोटं बोलते तर. म्हणजे फिट्टंफाट झालं. तुझ्या त्या संध्याकाळकडं मी इतकी वर्षं असंच बघत आले.

पण गणिताचे दोरे बदलले. आता नुसतं वाचून चालेना. तू सुई थांबवून विचारायचीस, "हे कुठनं आलं?"

"तुला काय कळणार गं? तुला बाराखडी येत नाही!"

हे मी म्हटलेलं वाक्य आहे. एकदा नाही, बऱ्याचदा. तू म्हणायचीस, "मला कळंपर्यंत सांग. तोवर तुलाबी कळंल."

एकदा मी वैतागून म्हटलं, "हे बघ, ए ची बाजू, तिला बी ची जोडली. त्या सगळ्याचा चौकोन करायचा. उत्तर, ए चा चौकोन आणि बी चा चौकोन. झालं."

तू पसरलेल्या कौदीवर एक मोठा चौकोनी तुकडा ठेवलास, निळा. त्याच्या कोपऱ्याला कोपरा लावून एक लहान ठेवलास, पिवळा. दोन्हीच्या बाजू मिळून कौदीची एक कड झाली. बराच वेळ बघत राहिलीस.

"मग इथं उघडं पडलं की गं. दोनीकडं."

आणि खरंच दोन ठिगळांच्या जागा शिल्लक होत्या. लांबट, सारख्या मापाच्या, एक या अंगाला, एक त्या अंगाला. पाठ केलेल्या सूत्रातलं मधलं पद मी दरवेळी विसरायचे आणि दरवेळी मार्क जायचे. ते तिथं, जमिनीवर, उघडं पडलं होतं. मी ओरडले, "टू ए बी! अक्का, टू ए बी!"

"असंल," तू म्हणालीस आणि दोन पट्ट्या कापून त्या जागा झाकल्यास. "थंडी वाजली असती ना झोपणाऱ्याला."

त्यानंतर ते पद मी कधी विसरले नाही. आज मी तेच शिकवते. फळ्यावर चौकोन काढते, दोन रिकाम्या जागा दाखवते, पोरं 'आँ' करतात. हे मला कुणी दाखवलं ते मी एकदाही सांगितलेलं नाही.

त्याच महिन्यात गणिताच्या हिरेमठ टीचर मला दर गुरुवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबवून घ्यायला लागल्या. चाळीस मुलींतून मला एकटीला. मला वाटलं, माझी हुशारी त्यांच्या डोळ्यांत भरली. घरी येऊन तुझ्यासमोर मी किती मिरवले! तू म्हणालीस, "बरं झालं. गुरुवारी वेळेवर जात जा." बाकी काही नाही.

दहावीला फर्स्ट क्लास आला. पुढं धारवाडला, सप्तापुरात तिघींत एक खोली. निघताना तू एक नवी कौदी दिलीस, मऊ धोतरांची. ती मी ट्रंकेच्या तळाशी ठेवली आणि ब्लँकेट विकत घेतलं. सुट्टीत तू विचारलंस, "उबदार आहे का गं?" मी म्हटलं, "खूप." तेव्हा अडखळले होते का? आठवत नाही.

बीएस्सीला फर्स्ट क्लास मिळाला तेव्हा आपल्या समाजाच्या हॉलमध्ये माझा सत्कार झाला. घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. शाल, नारळ, टाळ्या. तू बायकांत तिसऱ्या रांगेत, तीच अंजिरी इरकल नेसून. मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "आमच्या घरात अभ्यास घेणारं कुणी नव्हतं. पुस्तक उलटं धरलं तरी कुणाला कळलं नसतं. मी माझी वाट एकटीनं काढली."

खूप टाळ्या पडल्या. मी तुझ्याकडं बघितलं. तूही वाजवत होतीस. शेजारची बाई तुझ्या कानात काहीतरी म्हणाली, तू मान डोलावलीस.

घरी चालत येताना अप्पा पुढं, आपण दोघी मागं. मी वाट बघत होते तू काही म्हणशील म्हणून. गल्लीच्या वळणावर म्हणालीस, "आवाज छान लागला तुझा. एकदाही अडखळली नाहीस."

मी खूश झाले, अक्का. शाबासकी समजून घरापर्यंत मिरवत आले. बीएस्सी फर्स्ट क्लास, आणि एवढं कळलं नाही.

त्यानंतर तू बरीच वर्षं होतीस. मी बीएड केलं, धारवाडच्या हायस्कुलात लागले. सणावाराला यायचे तेव्हा तू शिवत असायचीस, मी समोरच्या कडेला बसायचे, पेपर वाचायचे. मनातल्या मनात.

परवा, बारावा झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी, हिरेमठ टीचर आल्या. केस पांढरे, हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. तुझ्या रिकाम्या जागेकडं बघून डोळ्यांना पदर लावला. मग पिशवीतून एक कौदी काढून माझ्या मांडीवर ठेवली. धुऊन धुऊन विरली होती. तुझा टाका मी कुठंही ओळखीन. आणि मधोमध, चारी बाजूंनी पट्ट्या लावून, माझा आठवीतला निळा युनिफॉर्मचा स्कर्ट. तो कुणा गरिबाच्या पोरीला दिला असं तू सांगितलं होतंस.

"ही तुमच्याकडं कशी?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "सभेच्या दुसऱ्या दिवशी आली होती तुझी आई. शनिवारी. माझ्या घरात माणसं फार, पेपर तपासायला शाळेतच बसले होते. दारात उभी. मी म्हटलं, बर्री, कूड्री, या, बसा. तर म्हणते, सभा कुठाय? मी सांगितलं, ती काल झाली की."

मी मान वर केली नाही.

"चपला दाराशी काढल्या तिनं. मग म्हणाली, माझंच चुकलं, पोरीनं शुक्रवारच सांगितला होता, मीच विसरले. आणि इकडं तू तर मला शुक्रवारी सांगितलेलंस, आई गावाला गेलीय म्हणून." टीचर जराशा हसल्या. "मला कळलं. तिलाही कळलेलं. दोघीही काही बोललो नाही. मी म्हटलं, जा घरी, पुढच्या सभेला या. तर खाली बसली आणि म्हणाली, तुम्ही आहात, मी आहे. आपल्यापुरती सभा करू की."

लागतात तेवढे होते.

"मला विचारलं, मला अक्षर येत नाही, घरी पोरीसाठी काय करू? दहा वर्षं पालकसभा घेतल्या मी, कुणी असं विचारलं नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही शिकवू नका, तिला शिकवायला लावा. तिच्याकडून शिका. कळलं नाही तर कळलं नाही म्हणा, लाजू नका. आणि गुरुवारी थांबवून घेते म्हटलं. शिकवणीचं काही घेणार नाही म्हटल्यावर ही कौदी घेऊन आली. दारातच हात जोडून म्हणाली, तिला सांगू नका हं. आई हात जोडून आली म्हणून शिकवतात असं कळलं तर यायची नाही ती. ताठ आहे."

टीचर गेल्या. मी त्या कौदीवर तोंड खुपसून बसले. कुणी काही विचारलं नाही. आई गेलेली मुलगी रडतेय, त्यात विचारायचं काय?

तू खोटं बोलली नव्हतीस. सभा झाली होती. त्या घरात खोटं बोलणारी एकच होती, आणि तिच्यासाठी तू एका परक्या बाईसमोर स्वतःला विसराळू ठरवून आलीस. घरी येऊन मला एका शब्दानं विचारलं नाहीस. मी मनात फिट्टंफाट म्हणत होते तेव्हा तू इरकलीची घडी घालत होतीस.

का विचारलं नाहीस? याचा मला रागही येतो. एक थोबाडीत मारली असतीस तर त्याच दिवशी संपलं असतं. तू दिलेलं हे मोठेपण मला झेपत नाही. तुझ्याशी भांडायचंय मला यावरून, आणि समोर नुसती कौदी पसरलीय.

अजून एक सांगते. आमच्या शाळेत पालकसभेला मीच बोलते. मुलांना वेगळी जागा द्या, वेळापत्रक भिंतीवर लावा, रोज वही तपासा. मागच्या वर्षी एक बाई उठली. विटांच्या भट्टीवर कामाला जाणारी, कानडीत म्हणाली, "आम्हाला वाचता येत नाही, आम्ही काय करायचं?" मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "मग शिकवणी लावा." ती बसली. तुझी लेक, अक्का. तिनं असं उत्तर दिलं. रजा संपली की आधी त्या मुलाचं नाव हजेरीत शोधणार आहे. त्याच्या आईला निरोप पाठवून बोलावून घेणार आहे, आणि हिरेमठ टीचरांनी तुला सांगितलं ते तिला सांगणार आहे. दोऱ्याचंही सांगेन. सभेचा वार नसला तरी चालेल.

तुझी अर्धी कौदी मी पुरी करणार नाही. मला तेवढा सरळ टाका येत नाही, आणि तू दुरुस्त करायला नाहीस. पण सुईतला वीतभर दोरा तसाच ठेवणं तुला आवडलं नसतं. म्हणून आज सकाळी माझ्या कडेला बसले, चार कोपऱ्यांवर वजनं ठेवली, आणि इथवर लिहिलेलं सगळं पहिल्यापासून मोठ्यानं वाचलं. वाचता वाचता टाके घातले. दोरा संपेपर्यंत उठले नाही. पाणी प्यायलासुद्धा नाही.

उंबऱ्याशी अडखळले. तिटकाऱ्यापाशी अडखळले. तिसऱ्या रांगेपाशी तर पुढचं अक्षरच दिसेना, तिथं पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं.

तू ऐकलं असशील तर तुला कळलं असेल.

तुझी,
मंगल